'शुद्धिपत्र': एका कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

कच्चं नाव ठरलं: 'शुद्धिपत्र'. मुख्य पात्र वासंती, वय ५७, काम मुद्रितशोधनाचं. दोन गोष्टी तिच्या मनातून जात नाहीत. बाविसाव्या वर्षी नेच्यांवर संशोधन करायची संधी चालून आली होती, ती तिनं सोडली. आणि एकतिसाव्या वर्षी एका रात्री धाकट्या भावाचा, दिनकरचा, फोन वाजत राहिला. तिनं उचलला नाही. सहा वेळा वाजून तो बंद झाला. त्याच रात्री दिनकर अपघातात गेला.

पुस्तकाच्या शेवटी एक पान चिकटवलेलं असतं. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. वासंती तसंच आपल्या आयुष्याचं शुद्धिपत्र करायला बसते. पानाचा आकडा म्हणजे तिचं त्या वेळचं वय. एकेका दुरुस्तीतून एकेक न जगलेलं आयुष्य उघडतं. सहा दुरुस्त्या, सहा आयुष्यं, आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये तिचं कामाचं टेबल. आराखडा एवढाच.

९ जानेवारी

आज प्रसंग एकही लिहिला नाही. शब्द निवडत बसले.

चुटपुट छोटी. निघताना कुणाचा नीट निरोप घेतला नाही की लागते, दोन दिवसांत जाते. हळहळ बोलून दाखवता येते, परक्यासाठीही वाटते. खंत मुरत जाते, तिला आवाज नसतो. सल म्हणजे आत मोडून राहिलेला काटा. वर कातडी धरलेली असते, नेमक्या जागी दाब पडला की कळतं. हुरहुरीला मी बाजूला ठेवलं, ती पुढे घडणाऱ्या गोष्टीचीही लागते.

उरले दोन. पश्चात्ताप होतो तो केलेल्या गोष्टीचा. रुखरुख लागते ती राहून गेलेल्या गोष्टीची. 'मी त्याला नको ते बोलले' याचा पश्चात्ताप. 'मी त्याला भेटायला गेले नाही' याची रुखरुख. क्रियापदंही बघा: पश्चात्ताप होतो आणि होऊन जातो. रुखरुख लागते, तहान लागावी तशी, पुन्हा पुन्हा.

वासंतीच्या कामातून आणखी एक सापडलं. 'पश्चात्ताप' हा शब्द लोक हमखास चुकवतात, 'पश्चाताप' लिहितात. पश्चात् अधिक ताप, म्हणजे त दोनदा हवा. तीस वर्षं ती या शब्दातला गळलेला अर्धा त परत घालते आहे. कादंबरीचं पहिलं वाक्य इथूनच निघेल.

१७ जानेवारी

रुखरुख आणि पश्चात्ताप यांतला जो फरक भाषेत आहे, तो मानसशास्त्रात कुणी तपासला आहे का, हे शोधत होते. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांचं १९९० च्या दशकातलं काम मिळालं. नुकतं काय चुकलं असं विचारलं तर माणसांना केलेल्या गोष्टी अधिक टोचतात. सगळं आयुष्य डोळ्यांपुढे आणून विचारलं तर न केलेल्या.

त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक मला फार उपयोगी पडणार आहे. जे केलं त्याचे परिणाम घडून संपलेले असतात, मोजता येतात. माफी मागता येते, भरपाई करता येते, 'निदान शहाणपण तरी आलं' असं म्हणता येतं. जे केलं नाही त्याला काठच नसतो. न उचललेल्या फोनवर दिनकर काहीही बोलू शकला असता, आणि सव्वीस वर्षं तो वासंतीच्या मनात रोज काहीतरी वेगळं बोलतो आहे.

म्हणजे सहाव्या आयुष्यात त्या फोनवर त्याचं एकच वाक्य ऐकू आलं पाहिजे. एकच, आणि ठरलेलं.

२ फेब्रुवारी

माझी मैत्रीण आयुष्यभर मुद्रितशोधन करत आली. दुपारभर तिच्याकडून काम समजून घेतलं. तिनं लाल पेन हातात दिलं आणि म्हणाली, "सांगून कळणार नाही, पान तपास."

मी एका परिच्छेदात राहून गेलेला 'मात्र' घातला. तिनं पान माझ्याकडे फिरवलं. "आता बघ काय केलंस. ही ओळ भरलेली होती. शेवटचा शब्द खाली गेला, त्याने खालच्या ओळीतला ढकलला, परिच्छेद एका ओळीनं वाढला. पानात जागा नाही, म्हणून शेवटची ओळ पुढच्या पानावर. तिथून प्रकरण संपेपर्यंत सगळं सरकलं. मागची सूची तयार झाली असेल तर तीही चुकली."

"मग काय करायचं?"

"पानं लागल्यावर घालायचं असेल तितकंच जवळपास काढायचं. अक्षरं मोजून. पान हलता कामा नये."

आणि शुद्धिपत्र? त्यात काहीच हलत नाही, कारण पुस्तक छापून झालेलं असतं. चूक आपल्या जागी राहते, तिची दुरुस्ती शेकडो पानं पलीकडे.

हे ऐकून मी गप्पच झाले. कादंबरीचा नियम मला आयता मिळाला. वासंती शुद्धिपत्र करायला बसली आहे असं समजते, पण प्रत्येक दुरुस्ती मूळ मजकुरात शिरते आणि तिथून पुढची सगळी पानं सरकतात.

घरी येऊन तिच्या फोनची ओळ मांडली. पान ३१, ओळ ६. अशुद्ध: 'वाजू दिला'. शुद्ध: 'उचलला'. मोजलं. चार अक्षरं, चार अक्षरं. कागदावर पान जागचं हलत नाही.

आणखी एक खूण शिकले. आधी खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं देतात.

११ फेब्रुवारी

क्रियापदांनी दमवलं.

पहिलं आयुष्य लिहिताना वाक्यं अशी येत होती: ती गेली असती, तिला खोली मिळाली असती, तिथं तिची ओळख झाली असती. तीन पानांत 'असती' एकेचाळीस वेळा. संकेतार्थ शाळेत शिकताना एक वाक्य पुरतं, 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं'. त्यावर पन्नास पानांचं प्रकरण उभं राहत नाही. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत आठवण करून दिली जाते की हे खरं नाही, मग तो कशात गुंतणार?

उलट पहिल्याच शब्दापासून साधा भूतकाळ घेतला तर ते आयुष्य आयतं मिळाल्यासारखं वाटतं, 'असतं' मधली ओढ जाते.

आज जमलेला मार्ग असा. प्रकरणाचा पहिला परिच्छेद पूर्ण संकेतार्थात. दुसऱ्या परिच्छेदात एखादी हाताला लागणारी वस्तू येते, दाराची कडी, ओला टॉवेल, आणि त्या वाक्यात 'असती' गळून पडतं. 'तिनं कडी काढली असती. कडी गार होती.' इथून पुढे साधा भूतकाळ. परत येताना उलट, एका वाक्यात 'असती' पुन्हा येतं आणि दार मिटतं. मोठ्यानं वाचून पाहिलं. 'कडी गार होती' पाशी अंगावर काटा आला.

२६ फेब्रुवारी

दोन प्रकरणं पूर्ण, सुमारे अकरा हजार शब्द. तिसरं पाडून टाकलं, त्यात लग्न आणि मुलगी होती आणि मुलगी नुसती गोड होती.

८ मार्च

जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझच्या 'थिऑडिसी' या ग्रंथाचा (१७१०) शेवट वाचला. माझ्या कल्पनेचा सांगाडा तिथं तीनशे वर्षांपूर्वीच उभा आहे.

थिओडोरस नावाचा पुजारी अथेन्सच्या मंदिरात झोपतो आणि स्वप्नात देवी पॅलस त्याला एका प्रासादात नेते. तिथं असंख्य दालनं, प्रत्येक दालन म्हणजे एक शक्य जग, आणि प्रत्येकात सेक्स्टस नावाचा तोच माणूस वेगळं आयुष्य जगतो आहे. एकात तो छोटी बाग विकत घेतो, खणताना त्याला धन सापडतं, आणि सगळ्यांचा लाडका होऊन म्हातारपणी मरतो. दुसऱ्यात राजाच्या मुलीशी लग्न करून राजा होतो. दालनात एक भलामोठा ग्रंथ आहे. सेक्स्टसच्या कपाळावर आकडा आहे, तो आकडा ग्रंथातली जागा सांगतो, आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की त्या ओळीत थोडक्यात लिहिलेलं सगळं बारीकसारीक तपशिलांसह समोर दिसतं.

ओळीवर बोट. वासंती हेच करते. शाई वाळली आहे का हे पाहायला ती बोट ठेवते आणि ओळ उघडते. हा तपशील घ्यावा का, यावर दिवस गेला. घेणार नाही. तिची ओळ लिहिता लिहिताच उघडू दे.

ही दालनं मिळून एक पिरॅमिड होतो. त्याला खाली तळ नाही, पण वर टोक आहे. टोकाचं दालन म्हणजे आपलं खरं जग, सर्वांत चांगलं. तिथला सेक्स्टस घोर अपराध करतो, तरीही तेच जग सर्वांत चांगलं ठरतं, कारण त्या अपराधातूनही पुढे मोठ्या गोष्टी घडतात. ते पाहून थिओडोरसला आनंदानं भोवळ येते.

इथं मी पुस्तक मिटलं. दिनकर नसलेलं जग टोकावर आहे, असं वासंतीला कुणी सांगू नये.

२१ मार्च

सहावं आयुष्य आधी लिहून काढलं. दोन महिने ते डोक्यात होतं, आणखी थांबवेना.

फोन वाजतो. दुसऱ्याच घंटीला ती उचलते. दिनकर विचारतो, "ताई, माझी निळी छत्री तुझ्याकडे राहिली का गं?" ती कोपऱ्यात बघते. छत्री आहे. "आहे." "बरं. मग उद्या येतो न्यायला." "ये." फोन ठेवला जातो. अपघात होतो. दिनकर जातो.

सव्वीस वर्षं ती ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते छत्रीचं निघालं. त्या आयुष्यातल्या वासंतीकडे ती छत्री अजून आहे आणि तिची रुखरुख वेगळीच आहे: 'पाऊस आहे, आत्ताच ये' असं ती का म्हणाली नाही.

लिहून झाल्यावर बराच वेळ टेबलाशीच बसून होते. हा प्रसंग बदलणार नाही.

५ एप्रिल

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि एमॉस टव्हर्स्की यांचं १९८२ मधलं एक उदाहरण. दोन प्रवासी वाहतुकीत अडकून अर्धा तास उशिरा विमानतळावर पोचतात. पहिल्याचं विमान वेळेवर सुटलेलं असतं. दुसऱ्याचं उशिरा, पाचच मिनिटांपूर्वी सुटलेलं असतं. अधिक कुणाला लागेल? ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. नुकसान दोघांचं सारखंच, पण पाच मिनिटं मनात मागे ढकलणं सोपं जातं, तीस मिनिटं ढकलवत नाहीत.

वासंतीचा फोन पाच मिनिटांचाही नाही. दहा पावलं होती. म्हणून तो तिला सोडत नाही. संशोधनाची हुकलेली संधी त्या मानानं अर्ध्या तासाची: आईचं आजारपण, पैसे, दूरचा प्रवास, सगळंच बदलावं लागलं असतं. दोन्हींचं लिखाण वेगळ्या गतीनं व्हायला हवं. फोनची प्रकरणं आखूड, मिनिटामिनिटाची. नेच्यांचं प्रकरण संथ.

यातून सातवी दुरुस्ती निघाली. फोनवर ती दोन मिनिटं जास्त बोलते, दिनकर दोन मिनिटं उशिरा निघतो आणि जगतो. लगेच लिहायला घेतलं. तीस पानांत दोघं घराच्या वाटणीवरून भांडतात आणि अबोला धरतात.

१९ एप्रिल

मैत्रिणीनं सहा प्रकरणं वाचली. पेन्सिलीच्या खुणा फार नव्हत्या. शेवटच्या कोऱ्या पानावर प्रत्येक आयुष्यापुढे एकेक शब्द होता: एकटी, आजारी, कंटाळलेली, फसवलेली, अबोला, छत्री.

"अगं, तू तिला कुठंही सुखानं राहू दिलं नाहीस."

मी म्हटलं, न जगलेलं आयुष्य लांबून गोजिरं दिसतं, आत गेलं की तिथंही तेच असतं, हेच तर दाखवायचं आहे.

"ते तू ठरवून दाखवलंस. प्रत्येक दार उघडून आत मुद्दाम चिखल केलास, म्हणजे ती मुकाट्यानं परत येईल. माझा भाऊ गेला तेव्हा लोक हेच म्हणत होते, जगला असता तरी हाल झाले असते. तुला माहीत आहे मला काय वाटायचं ते."

माहीत होतं. मला ते आठवायला हवं होतं.

२० एप्रिल

ती बरोबर आहे. कादंबरी थांबवली.

४ मे

पंधरा दिवस विचार केला. रुखरुख लागलेल्या माणसाची एक चूक असते: जगलेलं आयुष्य त्याला मंगळवारासकट माहीत असतं आणि न जगलेल्याचा फक्त सारांश माहीत असतो. त्या सारांशाला मंगळवार देणं हे माझं काम, हे मला पहिल्यापासून बरोबर कळलं होतं. पण मंगळवार म्हणजे दुःख नव्हे. मी सरसकट तसं धरून चालले, कारण त्यानं वासंतीची समजूत काढणं सोपं जात होतं. आणि माझीही. काही वेळा सोडलेलं आयुष्य खरोखर चांगलं असतं. तसं असू शकतं हे मान्य न करता या विषयावर लिहिणं म्हणजे शोकाला गेलेल्या घरी जाऊन वाद घालणं आहे.

म्हणून नेच्यांचं आयुष्य पुन्हा लिहिलं. यात ती जाते. आईला सोडून जाते, याचा त्रास होतो आणि राहतो. काम कठीण आहे, दोन वर्षं काही हाती लागत नाही. मग एका दुपारी ती पानाची मागची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली धरते. तपकिरी ठिपक्यात बीजाणूंच्या इवल्या पिशव्या दाटीनं बसलेल्या असतात, आणि प्रत्येक पिशवीला जाड भिंतींच्या पेशींची एक कड असते. दिव्याच्या उष्णतेनं कडेतलं पाणी उडू लागतं, कड ताणली जाऊन हळूहळू मागे वळते, पिशवी फाटते, कड पुरती मागे वाकते, क्षणभर थांबते. आणि ताण सुटून एकदम झटक्यानं परत येते. बीजाणू नजरेबाहेर फेकले जातात. शेजारची पिशवी वळायला लागलेली असते. वासंती जागची हलत नाही. कुणीतरी दिवा बंद करायला येतं, ती नुसता हात वर करते.

त्या आयुष्यात ती चांगली शिक्षक होते. तिला सोबत मिळते, साधी, टिकणारी. दिनकर सुटीत येतो, वर्गात मागच्या बाकावर बसून तिचं शिकवणं ऐकतो आणि झोपी जातो. काहीही बिघडत नाही. एकोणचाळीस पानं लिहिली, कुठंही बिघडू दिलं नाही. इतकं अवघड काही मी आजवर लिहिलं नव्हतं. दर पानावर हात आपोआप संकटाकडे जात होता.

सातव्या दुरुस्तीतला अबोला काढला. दिनकर जगतो, विसराळू राहतो, दर पावसाळ्यात छत्री हरवतो. ते प्रकरण तेवढंच आहे. नेच्यांच्या आधीचं एक प्रकरण काढलं, आता एकूण पाच.

२३ मे

शेवटाचा प्रश्न उरला. इतकं पाहिल्यावर ती टेबलाशी कशी परत येणार?

एका खर्ड्यात मी तिच्या मनातली रुखरुख पुसून टाकली होती. ते रद्द करण्याचं कारण एका अभ्यासात सापडलं. २००४ मध्ये नताली कामीय आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या खोबणीच्या वर इजा झालेल्या रुग्णांना जुगारासारखा एक खेळ दिला. निवडलेल्या चक्राचा निकाल आणि न निवडलेल्या चक्राचा निकाल, दोन्ही दाखवले. हरल्याचं वाईट त्यांना वाटत होतं. पण 'दुसरं निवडलं असतं तर' ही टोचणी नव्हती. आणि ती नसल्यामुळे पुढच्या निवडी सुधारतही नव्हत्या. निरोगी माणसं मात्र टोचणी टाळायला शिकत गेली.

वासंतीची रुखरुख जाणार नाही. दिनकरसाठी तिच्याजवळ दुसरी जागा नाही.

१४ जून

आठ दिवस काही लिहिलं नाही. माझं स्वतःचं एक पत्र आहे, उत्तर न दिलेलं, ज्याला उत्तर द्यायचं तो माणूस आता नाही. ते काढून वाचलं. कादंबरीत येणार नाही. इथं नोंद एवढ्यासाठी की प्रकरण चारमधला वासंतीचा राग त्यानंतर खरा उतरला.

६ जुलै

शेवट तीनदा लिहिला. एकात ती 'वाजू दिला' या शब्दांखाली टिंबं देते, म्हणजे जसं आहे तसं राहू दे. कागदावर देखणं दिसलं, म्हणून चार दिवस ठेवलं. मग काढलं. तिला ते मान्य नाही. मान्य असल्याची खूण मी तिच्या हातून करून घेणार नाही.

आताचा शेवट साधा. सकाळ होते. कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं तपासायची आहेत. तिसऱ्याच ओळीत 'पश्चाताप'. ती पेन उचलते, अर्धा त घालते, परिच्छेद हलला का ते मोजते. हललेला नाही. शेजारी तिचं शुद्धिपत्र पालथं पडलं आहे, पाच ओळींचं. ती ते फाडत नाही आणि पूर्णही करत नाही.

२८ जुलै

संहिता मैत्रिणीकडे गेली होती, शेवटच्या नजरेसाठी. रात्री तिचा फोन आला. मी दुसऱ्या घंटीला उचलला.

"एक चूक राहिलीय बघ. छत्री आधी निळी आहे आणि पान २१२ वर हिरवी. कोणती बरोबर?"

"दोन्ही. २१२ वर तो जगलाय ना, निळी त्यानं केव्हाच हरवली. ही नंतरची."

ती पलीकडे थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तसं कळेल असं कर. नाहीतर पुढे कुणीतरी निळी करून टाकेल."

संहिता आज परत आली. पान २१२ वर 'हिरवी' या शब्दाखाली टिंबं दिली.